दुर्बीण, नळी, स्टेंट: जागेपणी होणाऱ्या प्रोसिजरमध्ये दुखणं कमी कसं करता येतं?

गारवेल

नमस्कार मंडळी. मी युरॉलॉजी विभागात नर्स आहे, काम बहुतेक मायनर ओटीत, म्हणजे छोट्या शस्त्रक्रियांच्या खोलीत. दुर्बिणीने मूत्राशय पाहणं, डीजे स्टेंट (मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत काही काळ ठेवलेली बारीक नळी) काढणं, कॅथेटर घालणं-बदलणं, प्रोस्टेटची बायोप्सी, नसबंदी अशी कामं तिथे चालतात. पेशंट टक्क जागा असतो, आमचं सगळं बोलणं ऐकत असतो आणि थोड्या वेळात कपडे घालून घरी जातो.

इथे अधूनमधून कुणीतरी विचारतं, "स्टेंट काढताना फार दुखतं का हो?" खाली दोनच प्रकारचे प्रतिसाद पडतात. एक, "काही नाही, मुंगी चावल्यासारखं होतं." दुसरा, "वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये." विचारणारा बिचारा आणखी घाबरतो. माझं म्हणणं असं की दोघंही खरंच सांगताहेत. हा फरक पेशंटच्या सहनशक्तीत शोधण्याआधी प्रोसिजर कशी केली त्यात शोधावा.

जेलीचंच घ्या. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण १८ ते २० सेंमी लांब. टोकाशी जेली लावून लगेच दुर्बीण सरकवली तर सुरुवातीचा थोडा भाग बुळबुळीत होतो, बाकी काही नाही. लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची २ टक्के जेली १० ते २० मिली, अगदी सावकाश आत सोडायची, पुढचं टोक हलकेच दाबून धरायचं आणि थांबायचं. पाच मिनिटं तरी, दहा मिळाली तर उत्तम. गर्दीच्या दिवशी नेमका हाच वेळ खाल्ला जातो. आणि जेली झपकन सोडली तर ती स्वतःच दुखवते: मार्ग एकदम ताणला जातो, वर औषधाची चुरचुर. कितीतरी जण दुर्बीण आत जाण्याआधीच "आई गं" म्हणतात ते यामुळे.

खरी अवघड जागा एकच. मूत्राशयाच्या अलीकडे, प्रोस्टेटच्या खालच्या बाजूला, लघवी रोखून धरणारा स्नायू असतो. दुर्बीण तिथे पोचली की माणूस आपोआप आवळून घेतो. नितंब उचलले जातात, पायाची बोटं वळतात, श्वास अडकतो. आवळलेल्या स्नायूतून दुर्बीण ढकलली की दुखतं. हे काही सेकंदांचंच काम असतं, पण पेशंटच्या लक्षात राहतात ते हेच सेकंद. त्या वेळी मी सांगते, "आता लघवीला बसलात असं समजा आणि करायचा प्रयत्न करा. सांडली तर सांडू द्या, खाली सगळं टाकलेलं आहे." लघवी सोडायचा प्रयत्न केला की तो स्नायू सैल पडतो. त्याच क्षणी कुणीतरी सलाईनची पिशवी हाताने दाबली तर पाण्याच्या दाबाने मार्ग पुढे उघडत जातो आणि दुर्बीण त्या पाण्यामागोमाग आत सरकते. पिशवी दाबायच्या या युक्तीवर अभ्यास झालेत आणि पुरुषांना दुखणं कमी होतं असं त्यांत दिसलंय. खर्च शून्य.

तुमचे अनुभव लिहा. पेशंट म्हणून, नातेवाईक म्हणून, या क्षेत्रातले असाल तर तसेही.

मुक्कामपोस्ट

ताई, धागा काढलात ते फार बरं झालं. माझी दोनदा दुर्बीण झाली, दोन वेगळ्या ठिकाणी. पहिल्या ठिकाणी कुणी एक शब्द बोललं नाही. डॉक्टर आणि त्यांचा मदतनीस कुठल्याशा सुट्टीच्या वेळापत्रकाबद्दल बोलत होते आणि मी छताकडे बघत. अचानक आत काहीतरी शिरलं. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर प्रत्येक पायरी आधी सांगत होते: "आता गार लागेल", "आता लघवीला आल्यासारखं वाटेल, ते पाण्यामुळे, घाबरू नका", "आता अवघड जागा, तोंडाने हळू श्वास सोडा." दुखलं दोन्हीकडे, पण दुसऱ्या वेळी मी घामाघूम झालो नव्हतो. तुम्ही म्हणता ते "लघवी करायचा प्रयत्न करा" मात्र मला कुणीच सांगितलं नाही.

तिरकस

वाचायला छान, पण जरा पाय जमिनीवर ठेवूया. लिग्नोकेनची जेली आणि बिनऔषधाची साधी जेली यांची तुलना करणारे बरेच अभ्यास झालेत आणि त्यांचा निकाल एका दिशेचा नाही. काहींत फायदा दिसतो, काहींत दोन्ही सारख्याच. तर मग दहा मिनिटं थांबायचा अट्टहास कशासाठी? पेशंटला टेबलावर उघडं ठेवून वाट बघायला लावणं हाही त्रासच की.

गारवेल

तिरकस, मुद्दा रास्त आहे. पण त्या अभ्यासांत जेली किती घातली, किती वेगाने घातली आणि किती वेळ थांबले हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. दोन मिनिटं थांबून "फरक नाही" म्हणणं आणि पंधरा मिनिटं थांबून म्हणणं यांना एका पारड्यात कसं घालणार? शिवाय लवचिक दुर्बीण आणि ताठ दुर्बीण यांत मुळातच फरक. लवचिक साधारण १६ फ्रेंचची, म्हणजे पाच मिलिमीटरच्या किंचित वर, आणि ती मूत्रमार्गाच्या वळणाप्रमाणे वळते. ताठ दुर्बिणीसाठी पुरुषांच्या मार्गालाच सरळ व्हावं लागतं. लवचिक दुर्बिणीत दुखणंच कमी, मग औषधाचा फरकही कमी दिसणार.

उघडं ठेवण्याबद्दल शंभर टक्के सहमत. जेली घालून झाली की चादर ओढायची. त्यात न जमण्यासारखं काहीच नाही.

गुंगीकर

मी भूलतज्ज्ञ. दोन-तीन गोष्टी.

"सरळ पूर्ण भूलच द्या ना" असं खूप जण म्हणतात. पाच मिनिटांच्या तपासणीसाठी पूर्ण भूल म्हणजे उपाशी राहणं, आधीच्या चाचण्या, नंतर गुंगी उतरेपर्यंत थांबणं, सोबत माणूस आणि भुलीचे स्वतःचे धोके. वय ऐंशीच्या पुढे, हृदय कमकुवत, फुप्फुसांचा आजार, अशा माणसाला जागेपणी दुर्बीण हा बऱ्याचदा जास्त सुरक्षित मार्ग असतो. पण म्हणून "सगळ्यांना जागेपणीच" असंही नाही. ज्याचा आधीचा अनुभव भयंकर आहे, ज्याला पॅनिक अटॅक येतात, ज्याच्यावर पूर्वी लैंगिक अत्याचार झालाय, त्याला हलकी गुंगी देणं किंवा रीतसर भूल देणं याला लाड म्हणू नये. मधला मार्गही आहे: नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन निम्मे-निम्मे, पेशंटने स्वतः मुखवटा धरून ओढायचा. लवकर चढतं, लवकर उतरतं. सगळीकडे मिळतं असं नाही, पण विचारायला काय हरकत?

दुसरं, लिग्नोकेनचा डोस. २ टक्के म्हणजे एका मिलीत २० मिग्रॅ. २० मिली जेलीत ४०० मिग्रॅ औषध झालं. अखंड मूत्रमार्गातून रक्तात फार कमी जातं म्हणून हे चालतं. पण मार्गाला जखम असेल, नळी घालण्याचे आधी दोन-तीन प्रयत्न होऊन रक्त आलेलं असेल, तर शोषण वाढतं. अशा वेळी "अजून एक ट्यूब घाला" म्हणण्याआधी एकूण किती गेलं ते मोजावं. तोंडाभोवती बधिरता, कानात आवाज, गरगरणं ही सुरुवातीची लक्षणं. पेशंटला असं काही वाटलं तर त्याने लगेच सांगावं.

तिसरं, जेलीच्या तापमानाचं. फ्रीजमधली थंड जेली सोडताना कमी चुरचुरते असं काही अभ्यासांत आढळलंय. फार मोठा फरक नसेल, पण फुकटचा आहे.

ऋतुगंधा

पुरुषांचंच सगळं चाललंय! :)

बायकांचा मूत्रमार्ग चारेक सेंमीचाच, त्यामुळे "तुमचं काय, पटकन होतं" असं ऐकवलं जातं. मला विचाराल तर जड गेलं ते पाय वर अडकवून झोपणं आणि दार उघडून मधेच कुणीतरी आत येणं. दुखणं त्यानंतरचं. अवघडलेपणामुळे मांड्या आवळल्या जातात, मग पुढचं सगळंच दुखतं. दुसऱ्या वेळी मी आधीच सांगितलं, खोलीत एक बाई कर्मचारी हवी, दार आतून बंद हवं आणि पायांवरून चादर हवी. तिन्ही गोष्टींना "हो, अर्थातच" म्हणाले. म्हणजे मागितलं असतं तर पहिल्या वेळीही मिळालं असतं बहुतेक. पण मागावं लागू नये ना.

पाळी गेल्यानंतर त्या जागेची त्वचा पातळ आणि कोरडी होते, तेव्हा साधी नळीसुद्धा झोंबते. माझ्या मोठ्या बहिणीच्या डॉक्टरांनी प्रोसिजरच्या काही आठवडे आधी योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीम दिलं होतं. ते सगळ्यांना चालत नाही, स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी आधी विचारायलाच हवं, पण हा विषय काढणाराच विरळा.

तिरकस

ऋतुगंधा, पडद्यावर बघितलंत का? आतलं चित्र पेशंटला दाखवलं की दुखणं कमी होतं म्हणतात. मला तर नुसत्या कल्पनेनेच कसंतरी होतं.

ऋतुगंधा

बघितलं. मूत्राशय आतून गुलाबी, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं, आणि मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नलिकेच्या तोंडातून लघवी कशी थोडी थोडी उडते ते डॉक्टरांनी दाखवलं. मी इतकी रमले की संपलं कधी कळलं नाही. पण ही माझी आवड झाली. माझ्या बहिणीने डोळे गच्च मिटून घेतले होते.

गारवेल

पुरुषांत लवचिक दुर्बिणीच्या वेळी पडदा बघण्याचा फायदा अभ्यासांत दिसलाय, बायकांमध्ये निकाल तितके स्पष्ट नाहीत. म्हणून आम्ही आधी विचारतो आणि पडदा तसा वळवतो. संगीताचंही तेच. काळजी कमी होते, पण गाणं पेशंटच्या आवडीचं हवं. डॉक्टरांच्या आवडीचं नव्हे. (आमच्याकडे हा वाद नेहमीचा.)

कातरवेळ

माझा प्रश्न वेगळा आहे. बाबांना महिनाभर कॅथेटर आहे. घालताना फार नाही दुखलं, पण आता चोवीस तास "लघवीला जायचंय" म्हणतात. नळीतून लघवी येतेय, पिशवी भरतेय, तरी जोर करतात. कधी नळीच्या बाजूने गळते. काल एकाने सुचवलं की जाड नळी घाला म्हणजे गळणार नाही. खरं का?

गारवेल

कातरवेळ, जाड नळी नको. बाजूने गळतं ते बहुतेक वेळा मूत्राशय आकडी आल्यासारखं आवळतं म्हणून. नळी जाड केली की चीड आणखी वाढते. नळी निसटू नये म्हणून तिच्या आतल्या टोकाशी पाण्याने भरलेला फुगा असतो, तो मूत्राशयाच्या तळाला टेकतो, तो भाग सगळ्यात हळवा, आणि त्यामुळे मेंदूला सतत "भरलंय" असा निरोप जातो. बाबांना हे समजावून सांगा: ही भावना खोटी नाही, पण जोर केल्याने ती वाढते. आली की जोर न करता तोंडाने हळूहळू श्वास सोडायचा, ती ओसरते.

मग नळी तपासा. मांडीखाली दबलीय का, वळलीय का, पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली आहे का. नळी मांडीला पट्टीने बांधलेली हवी, थोडी सैल ठेवून. कूस बदलताना पिशवीचं वजन फुग्यावर ओढलं जातं आणि अर्ध्या तक्रारी तिथूनच येतात. बाबांना शौचाला साफ होतं का तेही बघा. कोठा जड असला की मूत्राशय जास्त चिडतं. आणि शिश्नाच्या पुढची त्वचा मागे सरकवलेली राहिली नाही ना? नळी घातल्यावर किंवा स्वच्छता केल्यावर ती पुढे आणायला विसरलं तर सूज येते, फार दुखतं, आणि मग धावपळ होते.

एवढं करूनही थांबलं नाही तर औषधं आहेत, त्याबद्दल गुंगीकर किंवा तुमचे डॉक्टर सांगतील.

गुंगीकर

सोलिफेनासिन, टोल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन या गटातली औषधं मूत्राशयाची आकडी कमी करतात. वयस्कर माणसात जपून: तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ वाढतो, काहींना रात्री भ्रम होतो, काचबिंदूच्या काही प्रकारांत चालत नाहीत. मिराबेग्रॉन वेगळ्या गटातलं, त्याने भ्रमाचा त्रास सहसा होत नाही, पण रक्तदाब बघावा लागतो. स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

एक नक्की लक्षात ठेवा: नळीतून लघवी येणं पूर्ण थांबलं आणि पोट फुगून दुखायला लागलं, तर त्याला आकडी समजून गोळी देत बसू नका. नळी बंद झालेली असू शकते. लगेच दवाखाना.

कातरवेळ

धन्यवाद दोघांनाही. मांडीला पट्टी नव्हतीच. पिशवी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला अडकवलेली होती, नळी पार ताणून. आता बदललं.

नळी काढताना दुखेल का?

गारवेल

फुगा पूर्ण रिकामा केला तर फारसं नाही. सिरिंज जोडून पाणी आपोआप येऊ द्यायचं, दट्ट्या जोराने ओढायचा नाही. जोराने ओढलं की फुग्याच्या जागी सुरकुती पडून कडा तयार होते, सिलिकॉनच्या नळीत जास्तच, आणि ती येताना खरवडते. घालतानाही फुग्याचाच नियम: लघवी आलेली दिसल्यावर, नळी अगदी फाट्यापर्यंत (बाहेरच्या टोकाशी ती दुभंगते तिथपर्यंत) आत सरकवून मगच फुगवायचा. फुगवताना पेशंट ओरडला तर तिथेच थांबायचं, फुगा मूत्रमार्गात असू शकतो. "थोडं सहन करा" म्हणून पुढे रेटायचं नाही. हे नवीन मुलींना शिकवताना मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण इथे पेशंटचं ओरडणं हीच तपासणी आहे.

निवांत_नाना

प्रोस्टेटच्या बायोप्सीबद्दल कुणी बोलेल का? तारीख मिळालीय. बारा ठिकाणी सुई म्हणाले. झोप उडालीय.

गुंगीकर

नाना, बारा हा आकडा ऐकायला भीतीदायक आहे, पण बधिर नीट केलं तर त्यातल्या प्रत्येक सुईचं दुखणं किरकोळ असतं. १९९६ मध्ये प्रोस्टेटभोवतीच्या नसांना लिग्नोकेनने बधिर करायची पद्धत पहिल्यांदा छापून आली आणि नंतर ती सर्वमान्य झाली. सोनोग्राफीत बघत प्रोस्टेट आणि वीर्यकोश जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंना औषध सोडतात. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "ब्लॉक देणार ना?"

गुदमार्गातून करणार असतील तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. हा ब्लॉक प्रोस्टेट बधिर करतो, गुदद्वार नाही. सोनोग्राफीचा प्रोब आत जाताना दाब आणि ताण जाणवतो, काहींना सुईपेक्षा तोच जास्त नकोसा वाटतो. प्रोब सावकाश घालणं, आधी बधिर करणारी जेली लावणं, तुम्ही शौचाला सोडतो तसं हलकं सैल सोडणं, याने फरक पडतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी गुदद्वार आणि वृषण यांच्या मधल्या त्वचेतून बायोप्सी करतात. आतड्यातले जंतू आत जात नाहीत म्हणून गंभीर संसर्गाचा धोका कमी. तिथे सुरुवातीला त्वचा बधिर करतानाचं इंजेक्शन झोंबतं, नंतर ठीक.

गारवेल

आणि नाना, बंदुकीचा आवाज! बायोप्सीची सुई स्प्रिंगवर चालते, प्रत्येक वेळी "खट्ट" होतं. माहीत नसलेला माणूस दुखलं नाही तरी दचकून हलतो. आम्ही आधी हवेत एकदा वाजवून दाखवतो. तुमच्याकडे दाखवलं नाही तर "एकदा ऐकवा" म्हणा.

निवांत_नाना

आवाजाचं कुणी म्हणालंच नव्हतं. आभारी आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, ती?

गुंगीकर

ती कुठली आणि कशासाठी चालू आहे त्यावर सगळं अवलंबून. स्वतःहून बंद करू नका आणि न सांगता चालूही ठेवू नका. युरॉलॉजिस्टना आजच फोन करा, ते हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवतील.

पाणकोंबडी

लहान मुलांचं काय करता? लेकीची एमसीयू आहे, वय चार. नळी घालून मूत्राशयात औषध भरतात आणि लघवी करतानाचे एक्स-रे काढतात. तिला "काही नाही होणार" म्हणून नेऊ की खरं सांगू?

गारवेल

खरं सांगा. "काही नाही होणार" म्हणून नेलेलं मूल पुढच्या प्रत्येक दवाखान्यात आधीच रडायला लागतं. फार आधीपासून नको, एखाद दिवस आधी, छोट्या शब्दांत: शू करायच्या जागी एक बारीक मऊ नळी जाणार, थोडं चिमटल्यासारखं होईल, पोट शू आल्यासारखं भरेल, मग तिथेच टेबलावर शू करायची आणि त्यासाठी कुणी रागावणार नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं. इतके दिवस आपणच त्यांना शिकवलेलं असतं की झोपल्या जागी शू करायची नाही!

तुम्ही डोक्याच्या बाजूला उभ्या राहा, पायांच्या बाजूला नको. गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर आधीच सांगा, कारण एक्स-रे आहे. साबणाचे फुगे घेऊन जा. फुगा फुंकताना लांब श्वास सुटतो आणि खालचा भाग सैल होतो, नेमक्या त्याच वेळी नळी घालता येते. नळी तिच्या मापाची बारीकच असते. आणि चार जणांनी हातपाय दाबून धरायची वेळ आली तर "थांबा, पुन्हा प्रयत्न करू" म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. फार घाबरणाऱ्या मुलांना गुंगीचं औषध देऊन ही तपासणी करता येते, आधी विचारून ठेवा.

आडवाटेवरचा

माझी नसबंदी झाली, म्हणून दोन ओळी. बिनटाक्याची पद्धत, जी १९७४ साली चीनमध्ये ली शुनक्यांग यांनी सुरू केली. बधिर करायचं इंजेक्शन झोंबलं, नंतर कापल्याचं कळलं नाही. पण वीर्यनलिका बाहेर ओढली तेव्हा थेट ओटीपोटात ओढल्यासारखी कळ आली. मला वाटलं हे असंच असेल, गप्प बसलो. डॉक्टरांनी चेहरा बघितला आणि म्हणाले, "बोला की, अजून औषध देतो." दिलं, आणि कळ थांबली. जे गप्प बसणार असतील त्यांच्यासाठी लिहितोय.

नंतरचे दोन दिवस घट्ट अंतर्वस्त्र आणि कापडात गुंडाळलेला बर्फ. आणि हो, लगेच मोकळं रान समजू नका, वीर्यतपासणी स्वच्छ येईपर्यंत दुसरं साधन वापरायचं.

तिरकस

मोकळं रान :D

बरं, धाग्याच्या मूळ मुद्द्यावर. मला पटत चाललंय, पण एक शंका आहे. "थांबा म्हटलं तर थांबू" असं पेशंटला सांगितलं तर तो सतरा वेळा थांबवेल आणि पाच मिनिटांचं काम अर्धा तास चालेल. हे व्यवहारात जमतं का?

गारवेल

उलट होतं. ज्याला माहीत आहे की हात वर केला की डॉक्टर थांबतात, तो क्वचितच हात वर करतो. ज्याला माहीत नाही तो पहिल्या सेकंदापासून आवळून बसतो. आम्ही सांगतो, "डावा हात वर केलात की जिथे असू तिथे थांबू. बाहेर काढणार नाही, फक्त थांबू." हे "बाहेर काढणार नाही" आधी सांगायला हवं, नाहीतर पेशंटला वाटतं थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून.

"रिलॅक्स, रिलॅक्स" असं ओरडू मात्र नये. तो शब्द ऐकून आजवर कुणी सैल पडल्याचं मी पाहिलं नाही. काय करायचं ते सांगावं: जबडा सैल सोडा, पायाची बोटं हलवा, श्वास बाहेर. बोटं हलवत असताना नितंब आवळून धरणं जड जातं, करून बघा.

मुक्कामपोस्ट

ताई, आता खुर्चीत बसून करून बघितलं. खरंय!

एक राहिलंच. माझ्या दुसऱ्या दुर्बिणीनंतर उठून उभा राहिलो आणि डोळ्यांपुढे अंधार. घाबरलो होतो. हे कशामुळे?

गुंगीकर

खालच्या भागाला उत्तेजना मिळाली की काहींची नाडी आणि रक्तदाब एकदम उतरतो. मळमळ, घाम, अंधारी. आडवं करून पाय वर घेतले की बहुतेकांना मिनिटाभरात बरं वाटतं. म्हणून प्रोसिजर झाल्यावर आधी उठून बसायचं, पाय खाली सोडून थोडं थांबायचं, मग उभं राहायचं. लघवीला पहिल्यांदा जाताना सोबत कुणीतरी हवं, आणि पुरुषांनीही त्या वेळी बसूनच करावी.

पुढचे एक-दोन दिवस लघवीला आग होते, रंग गुलाबी येतो. पाणी नेहमीपेक्षा जास्त प्या, पॅरासिटामॉल चालतं, कोमट पाण्यात बसल्याने आराम पडतो. पण थंडी वाजून ताप, रक्ताच्या गुठळ्या किंवा लघवी अजिबात न होणं, यापैकी काहीही झालं तर उद्यावर ढकलू नका.

सहज_सुचलं

सगळा धागा एका दमात वाचला. परवा माझा डीजे स्टेंट काढायचाय. स्टेंट आहे तेव्हापासून लघवी करताना पाठीत कळ येते, त्यासाठी टॅम्सुलोसिनची (मूत्रनलिका सैल करणारी) गोळी चालू आहे. काढल्यावर ही कळ लगेच थांबेल का? आणि कालपासून किंचित कणकण वाटतेय, थर्मामीटर लावलेला नाही.

गुंगीकर

पाठीतली कळ येते कारण स्टेंटमुळे लघवी करताना दाब वर मूत्रपिंडापर्यंत जातो. स्टेंट निघाला की ते कारणच जातं. पण काढल्यानंतर काही तासांत नलिकेला सूज आणि आकडी येऊन काहींना मुतखड्यासारखी जोराची कळ येते. काढण्याआधी वेदनाशामक, सूज कमी करणाऱ्या गटातली एक गोळी घेतली तर ही कळ बऱ्याच जणांत टळते. ती तुम्हाला चालेल का हे मूत्रपिंडाचं काम, आम्लपित्ताचा किंवा अल्सरचा त्रास आणि बाकीची औषधं बघून डॉक्टर ठरवतील, म्हणून उद्या फोनवर हेच विचारा. टॅम्सुलोसिन कधी बंद करायचं तेही त्यांनाच विचारा.

पण त्याआधी आत्ता थर्मामीटर लावा. ३८ अंश सेल्सिअसच्या वर असेल किंवा थंडी वाजत असेल तर परवापर्यंत थांबू नका, आजच दाखवा. स्टेंट आत असताना ताप म्हणजे आधी लघवीची तपासणी आणि प्रतिजैविक, काढायचं त्यानंतर ठरवतील.

सहज_सुचलं

३८.४ आहे. निघालो.

गारवेल

आधीची डिस्चार्जची फाइल आणि स्टेंट घातल्याची तारीख सोबत घ्या. काय झालं ते नंतर इथे कळवा.